मागील बाकी आणि चालू खर्च

हिंगोली-वसमतच्या हळद बाजारात नवी वही सुरू करताना आडत्या मागील बाकी प्रथम पुढे ओढतो. तसे केले नाही तर जुने देणे कोणते आणि यंदाचा खर्च कोणता, याचा उलगडा वर्षअखेर कोणालाच होत नाही. पैशाच्या व्यवहारात इतका दक्ष असलेला समाज व्यसनमुक्तीच्या वाटेवरील माणसाच्या शरीराचा हिशेब मात्र बाकी न मांडताच सुरू करतो. त्याची किंमत कधीकधी प्राणाने मोजावी लागते.

पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झाले, ते गर्दने तरुणांना घातलेल्या विळख्यामुळे. पुढे गर्दच्या जोडीला वेदनाशामक गोळ्या आणि खोकल्याची औषधे आली. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार अफूवर्गीय द्रव्यांच्या घातक सेवनामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक देशात आहेत. त्यांतील निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्रही आहे.

या व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन व मेथाडोन ही परिणामकारक औषधे आहेत. परंतु कळमनुरी वा सेनगाव तालुक्यातील एखादा तरुण पुण्यामुंबईत उपचार सुरू करून गावी परतला, की चार महिन्यांत घरातून तक्रार ऐकू येऊ लागते : 'या गोळ्यांनी पोराला आतून पोखरले.' दात किडले, झोप उडाली, पोट साफ होत नाही, यकृताचा अहवाल बिघडला. सारे काही औषधाच्या नावे पडते.

वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. व्यसनाच्या काळात तोंड कोरडे पडते, दातांची निगा राहत नाही, सामायिक सुयांतून हेपटायटिस सी जडतो आणि तो वर्षानुवर्षे निमूटपणे यकृत पोखरतो. व्यसन सुटल्यावर झोपेची घडी बसायला कित्येक आठवडे, प्रसंगी महिने लागतात. ही सारी मागील बाकी होय. तथापि औषधही निर्दोष नाही. बद्धकोष्ठ व घाम हे त्याचे नित्याचे दुष्परिणाम आहेत. मेथाडोनने हृदयाच्या ठोक्यांच्या लयीत बिघाड संभवतो. जिभेखाली विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनमुळे दातांना अपाय झाल्याची नोंद घेऊन अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२२ मध्ये इशारा दिला. मात्र औषध सोडा, असे त्याने सांगितले नाही. गोळी विरघळल्यावर पाण्याने चूळ भरावी आणि तासभर थांबून दात घासावेत, एवढाच साधा उपाय सुचविला.

चूक दोन्ही बाजूंनी होते. घरचे सारा दोष औषधावर ढकलतात, तर काही वेळा रुग्णाची प्रत्येक तक्रार 'हे तुझ्याच कर्माचे फळ' म्हणून उडवून लावली जाते. लैंगिक दुर्बलतेसारखी तक्रार तर संकोचाने ओठांवरच येत नाही. वास्तविक अफूवर्गीय द्रव्याने पुरुषांतील संप्रेरक घटते. हे व्यसनात घडते तसे मेथाडोनवरही घडते. पण मात्रा वा औषध बदलून त्यावर मार्ग निघू शकतो. तक्रार ऐकलीच नाही, तर रुग्ण स्वतःच्या मनाने औषध सोडतो.

आणि तेथेच खरा धोका आहे. औषध सुटले की ओढ परतते. शरीराची सहनशक्ती मात्र घटलेली असते, आणि पूर्वीचीच मात्रा श्वास थांबवते. २०१७ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केलेल्या एकत्रित अभ्यासात ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना दर हजारी वार्षिक मृत्यू ४.३, तर ते थांबल्यावर ९.५ आढळले.

मग निवाडा कसा करावा? तीन प्रश्न पुरेसे आहेत. त्रास औषधापूर्वी होता काय? मात्रा वाढवल्यावर तो वाढला काय? डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा कमी केल्यावर तो उतरला काय? पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर आठवणीवर विसंबून मिळत नाही; त्यासाठी लेखी नोंद हवी. पहिल्या गोळीआधी दात, वजन, झोप, यकृत, हेपटायटिस आणि हृदयाचा आलेख यांची नोंद एका कागदावर व्हावी आणि तो कागद रुग्णाच्या हाती राहावा. हेपटायटिस सी वर तर २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत औषधोपचार आहेत. बाकी कळली तर ती फेडताही येते.

१९९९ साली परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याला त्यासाठी मोठ्या वास्तूची गरज नाही. बाजारातील आडत्याची शिस्त दवाखान्याच्या टेबलावर आली, तरी एखाद्या घरचा कर्ता मुलगा वाचेल.