भिंतीपलीकडचा खून

जुहूला रात्री डोक्यावरून विमान गेलं की काही क्षण शेजाऱ्यांचं काहीच ऐकू येत नाही. वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, उशिरा वाजलेली कुकरची शिट्टी, कुणाचा तरी चढलेला आवाज, सगळं त्या घरघरीत बुडतं. विमान लांब गेल्यावर मी कान देतो. भांडण मिटलं, की मध्येच तुटलं?

फ्लॅटमधला शेजारी आपल्याला दिसतो लिफ्टपुरता. बाकीचा तो आपण आवाजांवरून रचलेला असतो. श्रुतिका ऐकणारा माणूसही हेच करतो. म्हणून त्रासदायक शेजारी आणि खून हा विषय रंगभूमीपेक्षा, सिनेमापेक्षाही, रेडिओचा आहे असं मला ठामपणे वाटतं.

रेडिओची करामत साधी आणि हातची होती. स्टुडिओत चौकटीत बसवलेलं छोटं दार, त्याला खरी कडी. वाळू किंवा खडी भरलेल्या पेटीत चालवलेली पावलं. सेलोफेन चुरगाळला की आग, पत्रा हलवला की गडगडाट. आणि भिंत? ती बांधावी लागतच नाही. नट मायक्रोफोनपासून दोन पावलं मागे सरतो, तोंड फिरवून बोलतो, शब्द अर्धवट पोचतात आणि मध्ये भिंत उभी राहते. ते अर्धवट शब्दच भीती घालतात. पूर्ण ऐकू आलेल्या धमकीपेक्षा ‘उद्या सकाळपर्यंत...’ एवढंच ऐकू येणं वाईट.

मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. पुढे आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले बाळ कुडतरकरांचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे टेकाडे भावोजी घराघरांत नात्यातले झाले. ती कौटुंबिक मालिका, रहस्याशी तिचा संबंध नाही. पण निव्वळ आवाजावर माणूस किती विश्वास टाकतो, हे तिनं दाखवलं. रहस्यनाट्याला हाच विश्वास लागतो, कारण मोडायचा तो हाच. मराठी गूढकथेचं घर बांधणारे रत्नाकर मतकरी यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिकाही १९५५ साली मुंबई आकाशवाणीवरूनच पहिल्यांदा लोकांनी ऐकली.

रहस्यश्रुतिकांतलं सर्वांत गाजलेलं नाटक मात्र न्यूयॉर्कमध्ये घडणारं. ल्युसिल फ्लेचर यांचं ‘सॉरी, राँग नंबर’ सीबीएसच्या ‘सस्पेन्स’ मालिकेत २५ मे १९४३ रोजी प्रसारित झालं. त्याचं मूळ एका क्षुल्लक खटक्यात असल्याचं सांगतात: आजारी मुलासाठी दूध आणायला गेलेल्या फ्लेचरशी दुकानात एक तोऱ्यातली बाई तुसडेपणानं वागली. ती बाई त्यांनी अंथरुणावर निजवली, घरात एकटी ठेवली आणि हातात टेलिफोन दिला. लाइनी एकमेकींत अडकतात आणि दोन पुरुष एका बाईच्या खुनाचा बेत करताना तिला ऐकू येतात. वेळ सव्वाअकराची, कारण तेव्हा पुलावरून गाडी जाते आणि किंकाळी कुणाला ऐकू येत नाही.

अभिनेत्री ॲग्नेस मूरहेड यांनी ही बाई आधी नकोशी केली आहे. ती ऑपरेटरवर खेकसते, पोलिसांना बोलूच देत नाही, आपल्या दुखण्याचं रडगाणं गाते. अशी बाई आपल्या मजल्यावर असती तर आपणही तिची बेल ऐकून दार उघडलं नसतं. आणि हे मनात येतं न येतं तोच तिच्या घरात खाली कुणीतरी फोन उचलल्याचा बारीकसा आवाज येतो. त्या क्षणापासून ती नकोशी राहत नाही. मी कितीतरी वेळा हे ऐकलं आहे आणि दर वेळी मला तिची माफी मागावीशी वाटते.

मग गाडी येते. खडखडाट वाढतो, किंकाळी त्यात जाते, गाडी पुढे निघून जाते. रिसीव्हरमधून पोलीस ठाण्याचा आवाज येत असतो, तिनं लावलेला फोन अखेर लागलेला असतो. एक पुरुष तो उचलतो आणि चुकीचा नंबर लागला म्हणून शांतपणे सांगतो.