खारघरच्या प्रयोगशाळेत संधी. पण जाहिरातीत नेमके काय लिहिलेय?

पनवेल तालुक्यातील खारघरला टाटा स्मारक केंद्राचे ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. इथल्या पीएचडीची पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्था हे अभिमत विद्यापीठ देते. जीवशास्त्रात एमएस्सी केलेले अनेकजण इथल्या जाहिरातींकडे डोळे लावून असतात. मात्र ‘जेआरएफ’ दिसले म्हणजे नोकरी लागली, असे समजू नका.

जेआरएफ ही पाठ्यवृत्ती आहे. केंद्राच्या २०२३ पासूनच्या दरानुसार पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार, पुढे ४२ हजार रुपये. घरभाडे भत्ता वेगळा. त्यातून कायम नोकरीचा हक्क मिळत नाही.

प्रकल्पातील पदे कंत्राटी असतात. निधी संपला की पदही संपते. त्यामुळे थेट मुलाखतीला गेलात, तर प्रकल्पाची किती मुदत उरली आहे, हे बिनधास्त विचारा. संकोचापायी हाच प्रश्न राहून जातो.

शिकवायचे असेल, तर वाट वेगळी. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट ही किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक. राज्याची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते, पण तिच्यावर पाठ्यवृत्ती मिळत नाही. दोन्ही दारे उघडी ठेवायची असतील, तर विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांनी सीएसआयआर-नेटच्या जेआरएफची तयारी करावी.