रोम येथील मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा

जुन्या वस्तूस चिकटलेलें नांव खोटें ठरलें, म्हणजे तें पुसून टाकण्याची घाई संशोधकानें करूं नये. याचें उत्तम उदाहरण म्हणजे रोमचा बादशहा मार्कस ऑरेलियस (इ. स. १६१–१८०) याचा अश्वारूढ पुतळा होय. हा ब्राँझचा असून त्यावर सोन्याचा मुलामा होता; उंची सुमारें १४ फूट आहे. बादशहाचा उजवा हात पुढें पसरलेला आहे व पाय रिकिबीवांचून मोकळे लोंबत आहेत; कारण रोमन लोकांस रिकीब ठाऊक नव्हती.

प्राचीन रोमांत असे पुतळे पुष्कळ होते. परंतु धातूच्या लोभानें ते पुढें वितळविले गेले. मग हाच कां वांचला? मध्ययुगांत तो लॅटरन येथें, पोपच्या वाड्याजवळ उभा असे, आणि लोक त्यास कॉन्स्टंटाइन बादशहाचा (३०६–३३७) पुतळा समजत. कॉन्स्टंटाइनानें ३१३ सालीं ख्रिस्ती धर्मास मोकळीक दिली. तेव्हां त्याच्या प्रतिमेवर घण घालण्यास कोण धजणार? या चुकीच्या समजुतीनेंच पुतळा रक्षिला, असें विद्वान् मानतात.

या नांवाविषयीं शंका मात्र जुनीच आहे. रोममधील आश्चर्यांचें वर्णन करणाऱ्या बाराव्या शतकांतील एका लॅटिन ग्रंथांत, हा घोडा कॉन्स्टंटाइनाचा नव्हे असें स्पष्ट म्हटलें आहे. मात्र त्याच्या जागीं ग्रंथकारानें रोम वांचविणाऱ्या एका वीराची दंतकथा घातली, व घोड्याच्या कानांमधील आयाळीच्या झुबक्यास घुबड ठरविलें. म्हणजे शंका योग्य, पण प्रमाण नाहीं.

तें प्रमाण नाण्यांनीं पुरविलें. नाण्यावर मुखाकृति व नांव एकत्र असतात. म्हणून निनांवी मूर्ति ओळखण्यास त्यासारखें साधन नाहीं. कॉन्स्टंटाइनाचा चेहरा नाण्यांवर बहुतेक गुळगुळीत दिसतो. मार्कसचे केंस कुरळे व दाढी भरघोंस. पंधराव्या शतकांत व्हॅटिकन ग्रंथालयाचा ग्रंथपाल बार्तोलोमेओ प्लातिना यानें नाणीं व पुतळा ताडून पाहून खरें नांव ठरविलें.

१५३८ सालीं पोप तिसरा पॉल याच्या आज्ञेनें पुतळा कॅपिटोलाइन टेंकडीवर आणला गेला. त्याची बैठक मायकेल अँजेलोनें योजिली. १९८१ सालीं तो डागडुजीसाठीं उतरविण्यांत आला. आतां मूळ पुतळा तेथील संग्रहालयांत असून चौकांत त्याची प्रतिकृति आहे.

संग्राहकांनीं यांतून एक बोध घ्यावा. रुमालावरील मथळा चुकीचा ठरला, तरी तो खोडूं नये. खऱ्या नांवाशेजारीं त्याचीही नोंद ठेवावी. ती वस्तु आपल्यापर्यंत कशी पोंचली, याचा पुरावा कित्येकदां त्या चुकींतच असतो.