अनुदान संपले, घर तसेच राहिले



लागणीपूर्वी बेणेप्रक्रिया करा, असे आम्ही दर हंगामात सांगतो. रोग आल्यावर होणाऱ्या खर्चापुढे बेणेप्रक्रियेचा खर्च किरकोळच. घराचेही तसेच आहे. उसाच्या नोंदीसाठी वस्त्यांवर फिरताना जुनी माळवदाची घरे आजही नांदती दिसतात, म्हणून या अंकात ऊस बाजूला ठेवून घराविषयी लिहीत आहोत.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्या लातूर-धाराशिव भागात कोणी विसरणार नाही. गणपती विसर्जन करून गाव झोपले आणि चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखविलेला होता. त्यामुळे ‘आपल्याकडे काय होते?’ असे म्हणण्यात अर्थ नाही.

माणसे एवढी का गेली? आपल्या जुन्या भिंती दोन-तीन फूट रुंद, पण आतल्या-बाहेरच्या दोन अंगांनी रचलेल्या. मध्ये माती व गोटे भरलेले. दोन्ही अंगांना जोडणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की दोन्ही अंगे सुटून फुगतात व ढासळतात. वर माळवदाची माती. गळती लागली की दर पावसाळ्यापूर्वी नवा थर. जुना कोणी काढत नाही. तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला.

यानंतर 1994 पासून राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसन कार्यक्रम राबविला. 52 गावे नव्या जागी वसविली. ज्या गावांत घरांना तडे गेले पण गावे जागेवरच राहिली, तेथे दुरुस्ती व मजबुतीसाठी नुकसानीप्रमाणे 17,000 किंवा 34,000 रुपये अनुदान ठेवले. रक्कम एकदम हातात न देता कामाप्रमाणे हप्त्याने दिली. गावोगावी संवाद सहायक म्हणून महिला नेमल्या. त्या घरोघरी जाऊन काम समजावून सांगत.

मजबुती म्हणजे काय, तर चार कामे. एक, माळवदावरील जादा माती उतरविणे. दोन, भिंतीत ठिकठिकाणी आरपार भोक पाडून सळई व काँक्रीट भरणे, म्हणजे दोन अंगे जखडतात. तीन, दारे-खिडक्यांच्या वर घराला चोहोबाजूंनी जाळी व सिमेंटचा अखंड पट्टा मारणे. सुटा ऊस वाऱ्याने लोळतो, बांधलेला तग धरतो. पट्ट्याचे काम तेच. चार, लाकडी खांब व तुळया यांना तिरके धिरे देणे.

प्रत्यक्षात पुष्कळांनी या पैशातून जुने घर मजबूत न करता शेजारी नवी खोली बांधली. आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. 17,000 रुपये मंजूर झाले, वडिलांनी पदरची भर घालून मागे पक्की खोली बांधली. खोली चांगली झाली. पण तिच्यात ज्वारीची व खताची पोती गेली, आणि आम्ही भावंडे पुढे कित्येक वर्षे जुन्या माळवदाखालीच झोपलो. का, तर उन्हाळ्यात गार लागते! सरकारी पैशाच्या खोलीत पोती सुखरूप आणि लेकरे धोक्यात, हा हिशेब कोणी केला नाही. आम्हीही मोठेपणी केला नाही. गेल्या वर्षी आईसाठी म्हणून माती उतरविली, तेव्हा दीड फुटाचा थर निघाला.

आता अनुदान मिळेल का, असे सभासद विचारतात. नीट समजून घ्यावे. तो जुना कार्यक्रम केव्हाच संपला. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीतील 20 टक्के, म्हणजे पाच वर्षांत सुमारे 32,000 कोटी रुपये, संकटापूर्वीच्या उपायांसाठी ठरविले. ही तरतूद चांगली होती. पण असा निधी प्रकल्पांसाठी असतो; घरटी हप्त्याची वाट पाहून चालणार नाही. ग्रामपंचायतीने मात्र शाळा, अंगणवाडी अशा जुन्या इमारतींची तपासणी करवून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे लेखी मागणी जरूर करावी. आपले बरेच सभासद ग्रामपंचायतीत आहेत, त्यांनी मनावर घ्यावे.

ज्यांना घरकुल मंजूर आहे त्यांनी अखंड पट्टा व कोपऱ्यातील उभ्या सळया वगळू नयेत. गवंडी ‘काही गरज नाही’ म्हणाला तरी ऐकू नये.

आणि ज्यांच्याकडे यंदा पैसा नाही, त्यांनी दोन कामे तरी करावीत. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकण्याऐवजी जुनी उतरवावी. गडी-माणसांच्या मदतीने दोन दिवसांचे काम आहे. मात्र खांब-तुळया किडलेल्या असतील तर वर चढण्यापूर्वी खालून टेकू द्यावेत. दुसरे काम बिनखर्चाचे : पक्क्या खोलीतली पोती माळवदाखाली काढावीत व लेकराबाळांची अंथरुणे पक्क्या खोलीत न्यावीत. हे आज रात्रीच करता येईल.

– ऊस विकास अधिकारी