मुदत संपलेला भुकटीचा अग्निशामक : खतही नव्हे, भंगारही नव्हे

जिनिंग कारखाने, गोदामे, अवजार बँका आणि कंबाईन हार्वेस्टर यांवर भुकटीचा लाल अग्निशामक आता सर्रास दिसतो. तो कसा वापरावा, हे शिकविले जाते. मात्र मुदत संपल्यावर त्याचे काय करावे, हे क्वचितच सांगितले जाते. परिणामी तो कोपऱ्यात गंजतो, भंगारात जातो किंवा त्यातील भुकटी शेतात टाकली जाते.

भुकटी खत का नव्हे?

एबीसी प्रकारच्या भुकटीत मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट व बहुधा अमोनियम सल्फेट असते. ठिबकमधून दिले जाणारे १२:६१:० हे विद्राव्य खतही मोनो अमोनियम फॉस्फेटच असल्याने भुकटी खत म्हणून चालेल, असा समज होतो. तथापि ओलावा लागून गुठळ्या होऊ नयेत यासाठी तिच्या कणांवर सिलिकॉनचे जलरोधक आवरण दिलेले असते. ती पाण्यात नीट विरघळत नाही आणि ठिबकचे ड्रिपर बंद करू शकते. घटकांचे प्रमाण उत्पादकानुसार बदलते; खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार खताची जी गुणवत्ता तपासली जाते, ती तपासणीही या भुकटीची झालेली नसते.

बीसी प्रकारात बहुधा सोडियम बायकार्बोनेट असते. ते जमिनीत टाकल्यास सोडियम वाढून, विशेषतः भारी काळ्या जमिनीत, चोपणपणाकडे वाटचाल होते. भुकटी शेततळ्यात गेल्यास अमोनिया माशांना घातक ठरू शकतो आणि स्फुरदामुळे शेवाळ वाढते.

इतर धोके

बारीक भुकटीने डोळे, घसा व श्वसनमार्गाचा दाह होतो; दम्याच्या रुग्णांनी विशेष जपावे. एबीसी भुकटी ओलाव्यात आम्लधर्मी बनून धातू व विद्युत जोडण्या गंजविते. म्हणून आग विझल्यावर यंत्र शक्य तितक्या लवकर स्वच्छ करावे. भुकटी पडलेला चारा जनावरांना देऊ नये.

वापरात नसलेल्या सिलिंडरमध्येही सुमारे १५ बार दाब असू शकतो. ट्रॅक्टरच्या मागील टायरमधील दाबाच्या तो साधारण दहापट आहे. दाबमापकाचा काटा शून्यावर असला, तरी मापक बिघडलेला असू शकतो. असा सिलिंडर कापणे, भोक पाडणे किंवा जाळणे जीवघेणे ठरते.

विल्हेवाट कशी लावावी?

१. सिलिंडर न उघडता उत्पादक किंवा अधिकृत पुनर्भरण संस्थेकडे सोपवावा व पावती घ्यावी. दाब काढणे हे त्यांचेच काम आहे.

२. सांडलेली भुकटी गोळा करताना मुखपट्टी, चष्मा व हातमोजे वापरावेत. पंखे बंद ठेवावेत. आधी कोरडीच भरून घ्यावी, नंतर ओल्या फडक्याने पुसावे.

३. भुकटी जाड प्लास्टिक पिशवीत बंद करून तिच्यावर प्रकार लिहावा. एबीसी व बीसी एकत्र करू नयेत. ओलाव्यात त्यांची अभिक्रिया होऊन वायू तयार होतो व बंद भांडे फुगते.

४. ती गटारात, विहिरीत वा उकिरड्यावर टाकू नये. पुनर्भरण संस्था स्वीकारत नसल्यास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थानिक कार्यालयाचा सल्ला घ्यावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या क्षेत्रातील गोदामे, अवजार बँका व शेतकरी उत्पादक कंपन्यांकडील अग्निशामकांची यादी करून प्रकार, उत्पादन वर्ष व पुढील तपासणीची तारीख नोंदवावी. मुदत संपलेले अग्निशामक एकत्रितपणे परत पाठविल्यास वाहतूक खर्च विभागला जातो. मात्र जुना नेण्यापूर्वी त्या जागी भरलेला अग्निशामक बसविलेला असावा.