युरोपात मुक्काम, पण मंगळवारचं काय?

कंपनीने एकदाचं 'वर्क फ्रॉम एनीव्हेअर'ला हो म्हटलंय. किंवा जॉब सोडून चार-पाच महिन्यांचा ब्रेक घ्यायचं ठरलंय. सेव्हिंग्ज आहेत, घरच्यांची समजूत (जवळपास) काढून झालीय आणि आता रात्री दोन वाजता तुम्ही मॅप उघडून बसलाय. लिस्बन की व्हॅलेन्सिया? बर्लिन की बुडापेस्ट? मित्रांच्या ग्रुपवर पोल टाकलात तर पॅरिस जिंकेल, कारण पोलमध्ये भाडं कुणालाच भरायचं नसतं.

माझ्या एका मैत्रिणीने लिस्बन निवडलं. निवडलं म्हणजे काय, पिवळ्या ट्रामचे रील्स बघून आधीच ठरलं होतं. आल्फामा या जुन्या भागात, चढावरच्या गल्लीत, खिडकीतून नदी दिसेल असं घर घेतलं. टीम पुण्यात. पुण्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात लिस्बनमध्ये पहाटेचे साडेचार झालेले असतात. पहिल्याच सोमवारी स्टँडअप मीटिंगला ती कानटोपी घालून बसली होती. कानटोपी घरात! तिथल्या बऱ्याच जुन्या घरांमध्ये सेंट्रल हीटिंग नसतं. बाहेर ऊन छान, घरात दगडी गारठा. दुपारी जरा डोळा लागावा, तर खाली टुरिस्ट लोकांच्या बॅगांची चाकं दगडी फरशीवरून खडखडत जायची. रविवारी मात्र सगळं अगदी फोटोतल्यासारखं. पण आठवड्यात रविवार एकच असतो.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की शहर निवडताना तिथला रविवार बघू नका, मंगळवार बघा. मंगळवारी किती वाजता उठणार, कुठे बसून काम करणार, कपडे कुठे वाळवणार, कांदे कुठून आणणार.

पण त्याच्याही आधी व्हिसा. आपल्या पासपोर्टवर अर्धा निर्णय इथेच होतो. टुरिस्ट म्हणून शेंगेन देशांमध्ये कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. हे ९० दिवस सगळ्या २९ देशांचे मिळून आहेत. फ्रान्सचे ९० आणि इटलीचे वेगळे ९० असं नसतं. समजा, तुम्ही १ एप्रिलला उतरलात आणि सलग राहिलात, तर २९ जूनला तुमचा कोटा संपला. परत शिरायचं तर थेट २८ सप्टेंबर. शिवाय ९० ही कमाल मर्यादा आहे. स्टिकरवर २५ दिवस छापलेत तर २५च. पहिल्याच अर्जात सगळे ९० मिळतील असं धरून तीन महिन्यांचं भाडं भरू नका, प्लीज.

'मधले तीन महिने क्रोएशियात काढा' हा सल्ला जुन्या ट्रॅव्हल व्हिडिओंमध्ये सर्रास ऐकू येतो. तो आता बाद आहे. क्रोएशिया २०२३मध्ये शेंगेनमध्ये आला, रोमानिया आणि बल्गेरिया २०२५च्या सुरुवातीला पूर्णपणे आले. सर्बियाची आपल्यासाठी असलेली ३० दिवसांची व्हिसामुक्त एंट्रीही २०२३पासून बंद झाली. सर्बिया, अल्बेनिया यांच्याकडे शेंगेन व्हिसा असलेल्यांना काही सवलती आहेत, पण त्यांच्या अटी त्या-त्या दूतावासाच्या साइटवरच वाचा, मित्राच्या मित्राकडून ऐकू नका.

चार-सहा महिने एकाच जागी राहून लॅपटॉपवर काम करायचं असेल, तर लाँग-स्टे व्हिसा लागतो. टुरिस्ट व्हिसावर 'थोडंसं काम' हा प्रकार कायद्याच्या दृष्टीने भरवशाचा नाही. पोर्तुगालने २०२२मध्ये रिमोट काम करणाऱ्यांसाठी व्हिसा सुरू केला, स्पेनने २०२३मध्ये. अट कमाईची. पोर्तुगालला तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं. २०२५मध्ये ते किमान वेतन ८७० युरो होतं, म्हणजे महिना ३,४८० युरो. युरो शंभर रुपयांचा धरला तरी साडेतीन लाखांच्या घरात. स्पेन तिथल्या किमान वेतनाच्या दुप्पट मागतं, वर तुमची कंपनी किमान वर्षभर जुनी हवी आणि तुम्ही तिथे निदान तीन महिने काम करत असायला हवं. हे आकडे वाचून पोटात गोळा आला असेल तर साहजिक आहे. पंचविशीतल्या बहुतेकांना हा दरवाजा आज तरी बंदच आहे आणि ते आत्ताच कळलेलं बरं, डिपॉझिट गेल्यावर नको.

मग उरतात एक्स्चेंज सेमिस्टर, भाषेचा कोर्स, इंटर्नशिप. किंवा जर्मनीचं 'चान्सेनकार्ट'. जून २०२४पासून सुरू झालेल्या या कार्डावर वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते आणि आठवड्याला २० तास पार्टटाइम कामही करता येतं. अर्थात शिक्षण, अनुभव, भाषा यांचे पॉइंट्स जुळायला हवेत आणि राहण्याखाण्याचे पैसे आधी दाखवावे लागतात.

जर्मनीत घर शोधताना एक शब्द पाठ करा: 'काल्टमीटं'. म्हणजे 'थंड भाडं', ज्यात हीटिंग धरलेलंच नसतं. जाहिरातीतला स्वस्त आकडा बहुतेक वेळा तोच असतो. डिपॉझिट अशा तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत घेता येतं. आणि राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. 'रूम देतो, पण नोंदणी नाही' म्हणणारा मालक भेटला की तिथूनच नमस्कार करा. त्या नोंदणीवाचून बँकेपासून परमिटपर्यंत सगळं अडतं. खोली न बघता डिपॉझिट मागणाऱ्याला तर लांबूनच नमस्कार.

आता घड्याळ. टीम भारतात असेल तर जेवढं पूर्वेला जाल तेवढी झोप वाचते. आपल्या सकाळच्या दहाला हिवाळ्यात व्हॅलेन्सियात साडेपाच वाजलेले असतात, सोफिया किंवा अथेन्समध्ये साडेसहा. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणजे सोफियात साडेसात. साडेचारला लॉगआउट, पुढची संध्याकाळ तुमची! क्लायंट अमेरिकेत असेल तर गणित उलटं. न्यूयॉर्कची सकाळी नऊची मीटिंग लिस्बनमध्ये दुपारी दोनला येते. पुण्यात तीच मीटिंग रात्रीच्या जेवणाच्या वेळेला येऊन बसायची.

आणि ऊन. याचा विचार आपण करतच नाही, कारण आपल्याला ते फुकट आणि नको इतकं मिळतं. डिसेंबरमध्ये टॅलिनला दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. साडेतीनच्या आत सूर्य मावळलेला. व्हॅलेन्सियात तेव्हाही नऊ तासांहून जास्त उजेड असतो. पहिल्यांदाच एकटे राहायला जाताय, वर काळोख आणि कॉल्स, हे कॉम्बिनेशन मी तरी कुणाला सुचवणार नाही. टॅलिनला जूनमध्ये जा, मस्त आहे.

खाण्याचं फार टेन्शन घेऊ नका. मोठ्या शहरात डाळ-तांदूळ मिळतातच. लिस्बनला मार्तिम मोनिजच्या आसपास आपल्याकडच्या वाणसामानाची दुकानं आहेत. शिवाय तिथे बटाट्याला 'बटाटा'च म्हणतात, आणि पाव, चावी हे शब्दही आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आलेत. छोटा कुकर मात्र घेऊन जा. घर बघताना ओट्यावर शेगडी आहे की नुसता मायक्रोवेव्ह, हे विचारा. रोज बाहेर खाल्लं तर सहा महिन्यांचं बजेट तीन महिन्यांत संपतं.

तिकीट काढण्याआधी एचआरकडून लेखी परवानगी घ्या. मॅनेजरचं 'हो रे, चालेल' पुरत नाही. काही कंपन्या परदेशातून लॉगिनच होऊ देत नाहीत. मुक्काम सहा महिन्यांच्या पुढे जाणार असेल तर टॅक्सचं एकदा सीएला विचारा. आणि पहिलं बुकिंग फक्त दोन आठवड्यांचं करा. तेवढ्यात दोन मंगळवार येतात. त्या दिवशी सामान आणायला चालत जा, कामाच्या वेळेत नेट तपासा, रात्री दहाला घरी एकटे चालत या. मग महिन्यांचा करार.

मैत्रिणीने तेच उशिरा केलं. दीड महिन्याने ती नदीपलीकडे आल्मादाला राहायला गेली. भाडं कमी, खोलीत हीटर, लिस्बनला यायला दहा मिनिटांची फेरी. मॅनेजरशी बोलून शिफ्ट दोन तास पुढे ढकलून घेतली. आल्फामाच्या घराचं डिपॉझिट मात्र पूर्ण परत मिळालं नाही. नदी आता तिच्या खिडकीतून दिसत नाही, पण फोनवर ती पहिल्यांदाच म्हणाली, "अगं, रात्री आठ तास झोपले!"