चेक कुणाच्या नावाचा?

इंग्लिश साहित्य शिकणाऱ्यांपैकी अनेकांनी जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९३९) वाचली असेल. ओक्लाहोमातलं एक कुटुंब शेत सोडून देशोधडीला लागतं. वाचताना धुळीची वादळं, बँक आणि ट्रॅक्टर लक्षात राहतात. पण त्या काळात कापूस पिकवणारी हजारो कुटुंबं जमिनीवरून उठली, त्यामागे आणखी एक कारण होतं: शेतकऱ्यांच्या मदतीसाठीच दिलेलं सरकारी अनुदान!

हे कसं घडलं, ते शेजारच्या आर्कान्सा राज्यातल्या पॉइन्सेट काउंटीत नीट दिसतं. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखाच कारभाराचा विभाग. इथे कापूस व्हायचा आणि पुष्कळ कुटुंबं अर्धेलीने शेत कसायची. जमीन, बियाणं, खेचरं मालकाची, राबणं बटाईदाराचं, पीक निम्मं-निम्मं. वर्षभराची उधारीही बहुधा मालकाच्याच दुकानात.

मंदीत कापसाचा भाव कोसळला. मे १९३३ मध्ये रूझवेल्ट सरकारने नवा शेती कायदा केला. हिशोब सोपा होता: माल कमी आला की भाव चढेल, म्हणून जो कमी पिकवेल त्याला सरकार पैसे देईल. तोवर पेरण्या झाल्या होत्या, म्हणून त्या वर्षी सुमारे एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला गेला.

खरी गोम पुढच्या करारात होती. पडीक ठेवलेल्या जमिनीसाठी पौंडामागे साडेतीन सेंट भाडं आणि वर एक सेंट, असं अनुदान ठरलं. भाडं सगळं मालकाचं. वरच्या एका सेंटातला निम्मा बटाईदाराचा. म्हणजे साडेचार सेंटांतला अर्धा सेंट! तोही मालकाच्या हातून, उधारी वळती करून.

शिवाय पेरा कमी झाला की माणसंही कमी लागतात. बटाईदारांची संख्या कमी करू नये, असं करारात लिहिलं होतं खरं, पण ‘शक्यतो’ या अर्थाची पळवाटही होती. अनेकांना घर सोडावं लागलं. जुलै १९३४ मध्ये याच काउंटीतल्या टायरोन्झा गावाजवळ अठरा जण जमले, अकरा गोरे आणि सात काळे. वर्णभेदाच्या त्या काळात त्यांनी एकत्र संघटना काढली. अनुदानातला आमचा वाटा थेट आमच्या हातात द्या, ही त्यांची एक मागणी.

हा प्रश्न आपल्याकडेही आहे. तेलंगणात २०१८ साली ‘रयतु बंधू’ योजना सुरू झाली, तेव्हा एकरी चार हजार रुपये दर हंगामाला मिळायचे, पण पट्टादार पासबुक असलेल्या मालकाला. दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारा त्यात नव्हता. ‘पीएम-किसान’चे वर्षाचे सहा हजारही नावावर जमीन असलेल्या कुटुंबांसाठीच आहेत.

यामागे सरकारची अडचणही आहे. मालकीचा कागद तपासता येतो, तोंडी खंडाचा पुरावा कुठून आणणार? आणि लेखी करार करायला मालक धजत नाही, कारण उद्या कूळ म्हणून हक्क सांगितला तर? त्यामुळे ‘शेतकऱ्यांच्या खात्यात इतके कोटी जमा’ असं वाचलं, की एवढं तरी विचारूया: त्या यादीत नाव कुणाचं आहे, आणि त्या शेतात राबतंय कोण?